तामाबिनच्या बंगल्यातला छापाचा हातोडा

मित्रांनो, तामाबिन गावच्या जंगलबंगल्याचा जिना चढून वर आलात की ओसरीच्या खांबाला एक गंजका हातोडा टांगलेला दिसतो. तो मी. माझ्या एका तोंडावर चांदणी कोरलेली आहे आणि दुसरं तोंड सपाट आहे. पाहुणे मला हातात घेतात, चांदणीवरून अंगठा फिरवतात, कारागिराचं कौतुक करतात आणि परत अडकवून ठेवतात. सपाट तोंडाकडे कुणी बघत नाही. माझी सगळी गोष्ट त्या तोंडाची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला गंजून संपायचं नाही.

रंगूनच्या एका लोहाराने मला घडवलं, पिडाउकच्या लाकडाचा दांडा बसवला आणि मी जंगलखात्यातल्या हॅलम साहेबांच्या हाती आलो. साहेब तेव्हा तेवीस वर्षांचे होते. म्यिन्झा नदीच्या दोन्ही काठांचं सागाचं जंगल त्यांच्या ताब्यात दिलेलं होतं. वर्षातले आठ महिने आम्ही एका जंगलबंगल्यातून दुसऱ्यात फिरत असू. सगळे बंगले उंच खांबांवर उभे, सगळ्यांत एक वेताची खुर्ची आणि पाहुण्यांची एक वही. वही उघडली की शेवटची सही साहेबांचीच असायची, गेल्या वर्षीची. ते तिच्याखाली पुन्हा सही करत आणि बराच वेळ वही मिटत नसत.

सागाचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ओलं सागवान पाण्यात तरंगत नाही. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती कुऱ्हाडीने थेट गाभ्यापर्यंत गोल खाच पाडतात आणि झाड तीन वर्षं उभ्याउभ्या वाळू देतात. वाळलं की साहेबाने त्यावर माझ्या चांदणीचा छाप मारायचा. छाप पडला म्हणजे झाड मेलं, तोडायला आणि नदीत सोडायला मोकळं झालं. पण खाच पाडताना सालीची बोटभर पट्टी जरी राहिली तरी झाड जगतं. उन्हाळ्यात तर सगळेच साग निष्पर्ण असतात. जिवंत कोणतं आणि मेलेलं कोणतं, हे नुसतं बघून कळत नाही.

ते कळतं माझ्या सपाट तोंडाने. ही रीत साहेबांना शिकवली ऊ पान न्योने. तो तामाबिनच्या लाकूडतोड्यांचा म्होरक्या. आधी झाडाच्या मुळाशी तो भाताचा गोळा ठेवायचा, झाडात राहणाऱ्या नाताची, म्हणजे रानदेवाची, माफी मागायचा, मग मला उलटा धरून खोडावर तीनदा वाजवायचा आणि सालीला कान लावायचा. वाळलेलं झाड खणखणतं. जिवंत झाड आवाज गिळतं. पहिल्या वर्षी साहेब या म्हाताऱ्याला अरेतुरे करत आणि त्याच्या ङापीच्या, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या चटणीच्या, वासाने नाकाला रुमाल लावत. तिसऱ्या वर्षी ते त्याला अहोजाहो करू लागले आणि भाताबरोबर तीच ङापी मागून खाऊ लागले. साहेबांना हिवताप भरला की ऊ पान न्योची मुलगी मा छो पेज घेऊन यायची. त्यांच्या मोडक्यातोडक्या बर्मी बोलण्यावर ती बंगल्याच्या जिन्यातच हसत बसायची. मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. मला घाई म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं.

सहाव्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला. पावसाच्या आत दुप्पट झाडं छापायची होती. साहेबांचा ताप उतरत नव्हता, क्विनाइनच्या गोळ्यांनी कानात गुणगुण चालली होती. एका सकाळी आम्ही टेकडीवर गेलो आणि साहेबांनी मला पहिल्या झाडापासूनच चांदणीच्या बाजूने चालवलं. ठाण, ठाण, पुढचं झाड. सपाट तोंड दिवसभर कशाला टेकलं नाही.

दुपारी ऊ पान न्यो मागून आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, उलटा वाजवायचा राहिला."

"ऐकत बसलो तर पाऊस येईल," साहेब म्हणाले. "आणि आता मलाही डोळ्यांनी कळतं."

"मला चाळीस वर्षांत कळलं नाही. तुम्हाला सहा वर्षांत कळलं, तर शिष्य चांगला निघाला म्हणायचा." म्हातारा हसला, पण त्याने तंबाखूची चंची उघडली नाही. रागावला की तो तंबाखू खात नसे.

त्या टेकडीवर एक झाड होतं. चांदणी रुतली तेव्हा मला आतला ओलावा कळला. मी ओरडू शकत नाही. मी फक्त त्यावर छाप उमटवला.

पावसाळा आला. हत्तींनी ओंडके ओढून काठावर आणले. श्रावणासारखी संततधार लागली असताना मा छोचे दिवस भरले आणि ती अडली. दोन दिवस झाले, सुईणीने हात टेकले. खालच्या गावात मिशनची डॉक्टरीण होती, नदीने दीड दिवसाची वाट. साहेबांची होडी आदल्याच पुरात वाहून गेली होती. मा छोचा नवरा को सेइन तराफे नेणारा गडी, नदी त्याला तळहातासारखी ठाऊक. तो बंगल्याच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला.

साहेब तापातून उठले. ओंडके सरकारी होते, त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. साहेबांनी मला पट्ट्यात खोवलं, नदीवर गेले आणि स्वतः बोट दाखवून चांगले सरळ सात ओंडके काढून दिले. "माझ्या छापाचे घ्या," साहेब म्हणाले, "कुणी विचारलं तर मी आहे." तराफा बांधला गेला, वर गवताचं छप्पर आलं, मा छोला चटईवरून आणून निजवलं, सुईण तिच्या उशाशी बसली. ती कण्हत होती. साहेबांना पाहून तिने तशातही अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

ऊ पान न्यो कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्याने तराफ्याच्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला. "हा कोपरा पाणी पितोय," तो म्हणाला.

को सेइन वेताचा दोर आवळत होता. त्याने मानही वर केली नाही. "बाबा, साहेबांचा छाप आहे त्यावर. आता ती मरायला टेकलीय आणि तुम्ही कोपरे काय बघताय?"

म्हाताऱ्याने साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मित्रांनो, साहेबांचा हात माझ्या दांड्यावर आला. त्यांनी मला पट्ट्यातून काढलं आणि उलटं फिरवलं. घामाने दांडा निसटत होता. चार पावलं पुढे जायचं, वाकायचं, तीन ठोके मारायचे. ओंडका बदलायला अर्धा तास लागला असता. पण काठावर सगळा गाव उभा होता, हत्तीवाले होते, कारकून होता. सहा वर्षं जंगलात काढलेल्या साहेबाने स्वतःच्याच छापावर संशय घ्यायचा, तोही सगळ्यांदेखत. मला त्या हातात लाज चढताना कळली. मग त्यांनी मला पुन्हा सुलटं केलं.

"वाळलेलंच आहे," ते म्हणाले. "सोडा."

खालच्या वळणावर तीन खडक आहेत. को सेइनने हजारदा तिथून तराफे काढले होते. पण डावा कोपरा जड झाला होता, तराफा वळला नाही. कोपरा खडकाखाली गेला, दोर तुटले आणि ओंडके सुटे झाले. को सेइन तीन मैलांवर एका झाडाला अडकलेला, जिवंत सापडला. सुईणही वाळूवर मिळाली. मा छो मिळाली नाही. ऊ पान न्यो सात दिवस काठाने चालत राहिला. साहेब त्याच्या मागे चालत होते आणि तो त्यांना परत जा म्हणत नव्हता, या असंही म्हणत नव्हता.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं. खडकाखाली रुतलेला ओंडका वर दिसू लागला, त्यावर चांदणी स्पष्ट होती. त्या दिवशी ऊ पान न्यो बंगल्यावर आला आणि साहेबांना घेऊन गेला. तिथे त्याने हात पुढे केला. साहेबांनी मला त्याच्या हातात दिलं. त्याने मला उलटा धरला आणि ओंडक्यावर तीनदा वाजवलं. आवाज ओंडक्याने गिळला.

"ऐकलंत?" त्याने विचारलं.

"ऐकलं."

"तेव्हाही असाच वाजला असता." त्याने मला पुसून परत दिलं, वाकून भाताचा गोळा ओंडक्यापाशी ठेवला आणि घरी गेला. जंगलात तो पुन्हा कधी आला नाही.

साहेब आणखी चार वर्षं राहिले. एकेका झाडाला ते तासभर कान लावून बसत. दुसरे साहेब त्यांची टर उडवत. शेवटी त्यांना परत बोलावून घेतलं. जाताना त्यांनी मला नदीत टाकायला नेलं होतं. पाण्याकाठी बराच वेळ उभे राहिले, परत आले आणि मला या खांबाला टांगलं, सपाट तोंड बाहेरच्या बाजूला करून. पाहुणे ते फिरवून ठेवतात.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधीतरी एखादी चांदणी येईल. तुम्ही 'बरोबर आहे' म्हटलं की लोक तपासायचं सोडून देतील. ती उमटवण्याआधी मला उलटा धरा आणि ऐका. आणि एखाद्या वेळी न ऐकताच उमटवली असेल, सगळे बघत असतील, मान वर करवत नसेल, तरी चार पावलं पुढे जा आणि वाका. लाजेने कुणी मरत नाही. हॅलम साहेब तर सत्तर वर्षं जगले, असं परवा एक पाहुणा सांगत होता. मा छो बावीस वर्षांची होती.