पिवळी पट्टी

या, जरा जवळ सरका. सतरंजी ऐसपैस आहे, भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे या. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. चार चाकांची आणि दोन माणसांची गोष्ट. खरं तर तिघांची, पण तिसऱ्यासाठी मला तुमच्यापाशी काही मागायचं आहे, ते शेवटी.

आखातातल्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये शौकत मिस्त्री गाडीखालून सरकत बाहेर आला, चिंधीला हात पुसले आणि श्रीनाथला म्हणाला, "बैठो, सेठ."

श्रीनाथ स्टूल शोधू लागला.

"स्टूल नहीं. जमीन पे. घुटने टेको."

श्रीनाथने पँट वर ओढली आणि पुढच्या चाकापाशी गुडघे टेकले. फरशी तापलेली होती. चाकाच्या मधोमध वाटीएवढी एक लोखंडी टोपी होती. शौकतने ती मुठीत धरून उजवीकडे फिरवली. आत कुठेतरी 'खट्' झालं.

"अब दूसरी तरफ. वहाँ भी यही."

पिकअप जुनी, दोन चाकांवर चालणारी. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. वाळूत गेली की ती जागच्या जागी खड्डा खणायची. श्रीनाथचं किचन मजुरांच्या कॅम्पांना जेवण पुरवायचं. आता रुवैस गावाच्या अलीकडे, हमरस्ता सोडून डावीकडे आत सोळा किलोमीटर वाळूतल्या एका कॅम्पचं काम मिळालं होतं, आणि अट एकच: जेवण कॅम्पच्या दारात पोचलं पाहिजे. म्हणून तीन आठवडे शौकत या गाडीखाली खपला. शारजाच्या भंगारबाजारातून त्याने पुढच्या चाकांचं डिफरन्शियल आणलं, शाफ्ट आणला, जोर पुढे-मागे वाटून देणारी पेटी आणली. गिअरशेजारी एक दुसरा, छोटा दांडा आला. तो मागे ओढला की डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागायचा.

"दिवा लागला म्हणजे चारी चाकं लागली ना?" श्रीनाथने विचारलं.

"यही तो बात है. बत्ती झूठ बोलती है." शौकत हसला नाही. "नई गाडी में सब अपने आप होता है. यह पुराना माल है. टोपी नहीं घुमाई तो अंदर सब घूमेगा, बत्ती भी जलेगी, और अगला पहिया मुर्दा. पहले झुको, फिर रेत रास्ता देगी. नमाज समझो."

टोप्यांवरची अक्षरं भंगारात झिजून सपाट झाली होती. बघणाऱ्याला ती नुसती झाकणं वाटली असती. म्हणून शौकतने पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि मार्करने आपल्या आजमगडी वळणात लिहिलं: पहले उतरो. दोनों टोपी घुमाओ. फिर डंडा. पट्टी त्याने छोट्या दांड्याच्या बुडाशी, नजरेसमोर चिकटवली आणि अंगठ्याने दोनदा दाबली.

"चलाएगा तो कोई और ना?"

"मेव्हणे आहेत माझे. वसंतराव."

"उनको मुँह से भी बोलना, सेठ."

"इन्शाल्ला," श्रीनाथ म्हणाला.

वसंतराव म्हणजे श्रीनाथच्या बायकोचे, कुंदाचे थोरले भाऊ. वय अठ्ठावन्न. पंचवीस वर्षं एका कंत्राटदार कंपनीच्या गाड्या त्यांनी वाळवंटात पळवल्या. निवृत्त झाल्यावर मेव्हण्याच्या किचनची डिलिव्हरी त्यांच्याकडे आली. रक्तदाबाची गोळी, केबिनमध्ये झांजांची जोडी, आणि तोंडात सतत कसलं तरी ध्रुपद. मोहम्मद बिन झायद सिटीत महिन्यातून एकदा मराठी घरं जमायची आणि वसंतराव कीर्तनाला उभे राहायचे. गळा पहाडी. आणि जीभ, काय सांगावं, तीही तशीच. समोरच्या एखाद्याला धरून चार कोपरखळ्या मारल्याशिवाय त्यांचं आख्यान पुढे सरकत नसे.

गाडी तयार झाली त्या शुक्रवारी त्यांनी श्रीनाथला धरलं.

"देवाला गरुड, गणपतीला उंदीर," त्यांनी झांज वाजवून थांबवली, "आणि आमच्या श्रीनाथरावांनी गाडीला भंगारातून आणखी दोन पाय आणलेत! उद्या मलाच बसायचंय त्यावर. बघू, पाय गाडीचे आहेत की टेबलाचे!"

हॉल हसला. लहान मुलं काही न कळता हसली. कुंदासुद्धा पदर तोंडाशी नेऊन हसली, आणि तेच श्रीनाथला लागलं. तोही हसला. हसता हसता मांडीवरच्या प्रसादाच्या द्रोणाची कड तो नखाने फाडत राहिला.

निघताना तो म्हणाला, "दादा, त्या गाडीचं एक सांगायचं होतं."

"अहो, तुमच्या लग्नाआधीपासून मी वाळूत गाडी घालतोय," वसंतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मला काय सांगता? दांडा ओढायचा, खलास."

श्रीनाथ आपल्या चपला शोधायला वळला.

शनिवारी सकाळी साडेसहाला किचनबाहेर डबे चढत होते. भात, डाळ, कोंबडी, ताकाचे कॅन. वसंतराव आत चहा घेत होते. श्रीनाथ केबिनमध्ये पावती ठेवायला वाकला. समोर पिवळी पट्टी होती.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी तुम्हाला शपथेवर सांगेन. त्याला फक्त एक फोन हवा होता. अकराच्या सुमारास गाडी रुतेल आणि वसंतरावांचा फोन येईल, 'श्रीनाथराव, चाकं लागत नाहीत हो.' मग तो सावकाश म्हणेल, 'दादा, खाली उतरा. गुडघे टेका.' एवढंच. पुढच्या कीर्तनात कोण हसतं ते बघू.

त्याने नखाने कोपरा उचलला. पट्टी एका ओढीत निघाली. मागे गोंदाचा चौकोन राहिला. पट्टीची घडी शर्टाच्या खिशात गेली.

"यल्ला, निघतो, श्रीनाथराव!" वसंतराव चढून बसले, दांडा मागे-पुढे करून पाहिला. हिरवा दिवा लागला, विझला. "वा! डोळाही मिचकावते." आणि झांजा सीटवर खणखणत गाडी गेली.

अकरा वाजले. श्रीनाथने फोन टेबलावर उताणा ठेवला होता. कांदा चिरणाऱ्यांशी तो त्या दिवशी जास्तच गोड बोलला. साडेअकराला त्याने बॅटरी बघितली. बारा वाजता रेंज बघितली. बाहेर ऑगस्ट होता. दार उघडलं की तव्यासमोर तोंड नेल्यासारखं व्हायचं.

साडेबाराला फोन वाजला. कॅम्पचा सुपरवायझर होता.

"भाई, खाना किधर है? चालीस आदमी बैठा है."

"रास्ते में है," श्रीनाथ म्हणाला, आणि आपण हसतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं.

त्याने वसंतरावांना फोन लावला नाही. आधी त्यांचा यायला हवा. एक वाजला. हसू कधी गेलं ते कळलं नाही. सव्वाला त्याने नंबर फिरवला. एक बाई अरबीत आणि मग इंग्रजीत सांगू लागली की हा नंबर लागत नाही. रस्ता सोडल्यावर कॅम्प येईपर्यंत मध्ये रेंज नसते, हे त्याला ठाऊक होतं का? ठाऊक होतं. ते त्याला आता आठवलं.

त्याने सुपरवायझरला लावला. "गाडी भेजो. अभी भेजो, भाई. आदमी अकेला है."

कॅम्पची जीप पावणेतीनला पोचली. पिकअप नवव्या किलोमीटरवर होती, मागची चाकं आसापर्यंत वाळूत. इंजिन चालू होतं. दांडा मागे ओढलेला, हिरवा दिवा लागलेला. वसंतराव पुढच्या डाव्या चाकापाशी होते. डब्याच्या झाकणाने त्यांनी तिथली वाळू कोपरभर उपसली होती. हात चाकावर होता. टोपीवरची धूळ बोटांनी साफ पुसलेली होती.

पुसलेली होती, फिरवलेली नव्हती.

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर उष्माघात लिहिलं, आणि हृदय.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर श्रीनाथने शर्ट काढून टाकला आणि बाहेरच्या खोलीत नुसता बसून राहिला. सकाळी तो शर्ट आठवून उठला. शर्ट दोरीवर वाळत होता. त्याने खिशात दोन बोटं घातली. पट्टी नव्हती, खिसा रिकामा होता. कुंदा पाठमोरी चिमटे लावत होती. तिने वळून पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी शौकत आला. इस्त्रीचा कुर्ता घातला होता, नखांत काळं तसंच. वसंतरावांच्या फोटोसमोर उभा राहिला. मग खुर्चीवर न बसता खाली, जमिनीवरच बसला.

"सेठ, मैंने गाडी देखी. पट्टी नहीं है. गोंद है, पट्टी नहीं." त्याने आपला अंगठा पुढे केला, जणू चूक तिथे चिकटली होती. "ठीक से दबाई नहीं मैंने. गर्मी में छूट गई होगी. पेंच मारना था मुझे. एक आदमी मेरे हाथ से..."

स्वयंपाकघराच्या दारात कुंदा चहाचा ट्रे घेऊन आली आणि तिथेच थांबली. ती शौकतकडे नाही, श्रीनाथकडे बघत होती.

श्रीनाथचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"वारा असतो तिकडे," तो म्हणाला. "हवा बहुत है. निकल गई होगी."

कुंदाने आणखी क्षणभर वाट पाहिली. मग ती पुढे आली, वाकली आणि कप शौकतच्या हातात दिला.

"तुमचा दोष नाही, शौकतभाई."

"आपका दिल बडा है, भाभी. आपको क्या मालूम."

कुंदाने ट्रे उचलला. त्यावर दुसरा कप नव्हता.

झाली गोष्ट. उठा, पण त्याआधी माझं मागणं. शौकत अजून मुसफ्फातच गाड्यांखाली आडवा पडून काम करतो. आता तो पट्टी लावत नाही; पत्र्यावर अक्षरं ठोकतो, चार रिव्हेट मारून दांड्यापाशी बसवतो आणि मालकाला दोनदा ओढून बघायला लावतो. दर शुक्रवारी नमाजानंतर तो एका परक्या माणसाची माफी मागतो. तुम्ही वसंतरावांसाठी हात जोडाल, जोडाच. पण तेव्हा शौकतचीही आठवण ठेवा. त्याला अजून कुणी खरं सांगितलेलं नाही.