ब्रेक लागलाच नाही म्हणून

अल्पेश ठाकूर नऊ वर्षं एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर होता. दिघी बंदरातून कोळसा भरायचा आणि कारखान्यात नेऊन उतरवायचा. आपली स्वतःची गाडी असावी, असं त्या बाजूच्या सगळ्या ड्रायव्हरांसारखं त्यालाही वाटायचं.

एका दुपारी म्हसळ्याच्या उतारावर त्याने मोबाइल उचलला. बायकोने, विनिताने, मुलीच्या नाचाचा व्हिडिओ पाठवला होता. नजर रस्त्यावर परत आली तोवर वळण निघून गेलं होतं. ट्रक एका आंब्याच्या बागेचा दगडी गडगा फोडून आत घुसला. बागेत कुणी नव्हतं, हे नशीब. सुपरवायझरचा फोन आला, तेव्हा अल्पेशच्या तोंडून निघून गेलं, "ब्रेक लागलाच न्हाय."

त्या सकाळी ब्रेक तपासले होते ते कंपनीच्या मेकॅनिकने, सदा भगताने. त्याचा वीस वर्षांचा हात होता. तरी आठवड्याभरात त्याला कामावरून काढलं. एवढा चांगला कारागीर, कुठेही चिकटेल, अशी अल्पेशने मनाची समजूत घातली.

ट्रक दुरुस्त होऊन आला, पण ब्रेक सोडणारी गाडी म्हणून कुणी ती चालवायला तयार होईना. शेवटी कंपनीने ती पडेल भावात विकायला काढली. गाडीत काहीच खोट नाही, हे खात्रीने माहीत असलेला माणूस एकच होता. अल्पेशने कर्ज काढलं आणि ती घेतली. गावात पूजा झाली. अशी गाडी घ्यायला छाती लागते, असं लोक म्हणाले. त्याने मान खाली घालून पेढे वाटले.

धंदा बरा चालला. तीच कंपनी आता त्याला वाहतुकीसाठी माल द्यायची. पण उतारावर ब्रेक दाबला की गाडी जिथल्या तिथे थांबायची, आणि त्याला सदा आठवायचा.

दोन वर्षांनी एका लग्नाला मुरुडकडे जाताना तो विनितासोबत मोटरसायकलवरून दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरला. जेटीवर गाड्या रांगेत लावणारा माणूस सदा निघाला. त्याने हसून घरची चौकशी केली. विनिता सावलीत जाऊन बसली. गॅरेजवाले बोलवत होते, पण पाना हातात घ्यायची भीती वाटते, असं सदा सांगत होता. मग त्याने विचारलं, "त्या गाडीचा नेमका काय बिघडलेला रे? मी सगळा बघितलेला. आजून डोळं मिटलं की एकेक नट आठवतो."

अल्पेशला थाप मारता आली असती.

"दादा, काय पन बिघडला नव्हता. मी मोबाइल बघत व्हतो."

मागे गाड्या हॉर्न द्यायला लागल्या.

"मला सांगून काय उपेग?" सदा म्हणाला. "कंपनीत जाऊन सांग." आणि शिट्टी वाजवत रांगेकडे गेला.

लग्नाहून परतताना अल्पेशने विनिताला सगळं सांगितलं.

सोमवारी तो मॅनेजरसमोर उभा राहिला. आता उकरून काय मिळणार, असं मॅनेजर म्हणाला, पण अल्पेश हटला नाही. शेवटी ब्रेकमध्ये दोष नव्हता, असं पत्र त्याने कंपनीच्या कागदावर लिहून घेतलं. सदाची जागा केव्हाच भरली होती. अल्पेशला मात्र त्या दिवसापासून कंपनीचा माल बंद झाला.

पत्र त्याने जेटीवर नेऊन दिलं. सदाने ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि कामाला लागला.

अल्पेश आता खाणीवरून बांधकामाचे चिरे वाहतो. कमाई पूर्वीएवढी नाही. सदा पुन्हा गॅरेजात लागल्याचं त्याला इतर ड्रायव्हरांकडून कळलं. ते गॅरेज त्याच्या रस्त्यावरच आहे. गाडी दुरुस्तीला तिथेच का नेत नाहीस, असं विनिताने एकदा विचारलं. तो गाडीची चावी घेऊन बाहेर पडला. येता-जाता सदा दिसतो, कुणाच्या तरी गाडीखाली वाकलेला. कधी नजरानजर होते. सदा हात वर करत नाही, आणि अल्पेशही हॉर्न न वाजवता पुढे जातो.