कार्पेट उचलण्याचा खर्च

"आणि हे काय लिहिलंय? विल्हेवाट?" मावशींनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे काढलेलं कार्पेट घेऊन जायचं, मावशी," कार्पेटवाला म्हणाला.

"काढायचे पैसे वर लावलेत ना? मग काढून काय माझ्या उरावर ठेवणार होतात?"

कार्पेटवाला हसला, पण आकडा काही हलला नाही. कार्पेट उपटायचे वेगळे, कपाटं सरकवायचे वेगळे, कार्पेट ताणून धरणाऱ्या कडेच्या खिळेपट्ट्या काढायचे वेगळे, खालचा गोंद खरवडायचे वेगळे, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायचं तर त्याचे फारच वेगळे. सगळं मिळून मावशींच्या पेन्शनचे साडेतीन महिने.

मावशींनी एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याच्या खिशात नेमके किती सुट्टे आहेत, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. हा माणूस लबाडी करत नव्हता. त्याच्याशी भांडायची सोयच नव्हती.

तो गेल्यावर खिडकीशी उभा असलेला मुलगा वळला. "बघितलंस ना आई? काढायलाच एवढे. नवीन काही घालायचं तर अजून तेवढेच. या घरात पैसा ओतण्यात अर्थ नाही. विकून टाकू. आमच्याकडे ये, खोली तयार आहे."

हे तो वर्षभर म्हणत होता. आज त्याच्या हाताशी कागद होता, एवढाच फरक.

कार्पेट नऊ वर्षांपूर्वीचं. मावशींच्या नवऱ्याच्या पायांनी तेव्हा ऐकणं सोडलं होतं. माणूस चालता चालता मध्येच कोसळायचा. डॉक्टर म्हणाले, पडणं थांबणार नाही, हाडं तेवढी सांभाळा. मावशींनी फंडातून रक्कम उचलली आणि दोन्ही खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाडजूड हिरवं कार्पेट चिकटवून घेतलं. त्यावर तो पाच वर्षांत शेकडो वेळा पडला, पण एक हाड मोडलं नाही. "जरा हिरवळीवर आडवा झालो," असं म्हणायचा आणि हात वर करायचा. मावशी काखेत हात घालून उचलायच्या. चार वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. यंदा गच्चीवरची टाकी फुटली, पाणी घरभर शिरलं आणि कार्पेट भिजलं ते वाळलंच नाही. कुबट वास सुटला. मावशींना खोकला लागला. डॉक्टरांनी औषध लिहिलं आणि वर बजावलं, कार्पेट जाईल तेव्हा खोकला जाईल.

"घर माझं, खोकला माझा," मावशी म्हणाल्या. "कार्पेट मीच काढते."

"तू? अडुसष्टाव्या वर्षी?"

"मग काय, त्यासाठी अठराची होऊन येऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाली कचऱ्याच्या डब्यांजवळची पाटी वाचली. मोठं सामान टाकण्यास मनाई. हातभर लांबीचे, दोरीने बांधलेले गठ्ठे चालतील; घरटी रोज दोन. मावशींनी पाटी पुन्हा वाचली आणि दोरीचं रीळ घेऊनच वर आल्या.

भाजीच्या सुरीने तासभर झटल्या, तरी वीतभरसुद्धा कापलं गेलं नाही. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका खरखर ऐकून वर आले. त्यांनी कोपरा उचकटून कार्पेट उलटं केलं आणि आपलं धारदार पातं मावशींच्या हातात दिलं. "पाठीकडून कापा. वरून कापाल तर लोकरीत पातं अडकतं. आणि पाणी शिंपडा आधी, नाहीतर ही धूळ तुमच्या छातीत जाईल."

मग ते रोजचं काम झालं. नाकाला फडकं, गुडघ्याखाली उशी. कार्पेटखालच्या स्पंजचा पिवळा भुगा झाला होता. सकाळी कापायचं, गुंडाळायचं, बांधायचं आणि कचऱ्याचा ट्रक यायच्या आत दोन गठ्ठे एकेक पायरी खाली उतरवायचे. तिसऱ्या दिवशी ट्रकवाल्याने गठ्ठा पायाने सरकवला.

"हे नाही चालणार. हातभरच पाहिजे."

मावशींनी आपला हात गठ्ठ्यावर आडवा धरला. "हा घ्या हातभर."

"हात कुणाचा धरायचा पण?"

"पाटीवर लिहिलेलं नाही. माझा आखूड आहे, तुमचाच फायदा."

मागच्या दोन गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. ट्रकवाल्याने गठ्ठा उचलला.

नवव्या दिवशी त्या न्हाणीघराच्या दारापाशी पोचल्या. तिथे कार्पेटची लव पार दबून गेली होती. नवरा सर्वांत जास्त इथेच पडायचा. मावशींनी पातं टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. मग पातं बाजूला ठेवून तिथेच भिंतीला पाठ लावून बसून राहिल्या. त्या दिवशी खाली एकही गठ्ठा गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्या चार घेऊन उतरल्या. ट्रकवाल्याने मोजले नाहीत.

रविवारी मुलगा आला तो घरांच्या दलालाला घेऊनच. दार उघडलं आणि दोघं उंबऱ्यातच थबकले. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत करडं सिमेंट, त्यावर गोंदाचे काळपट डाग, आणि कोपऱ्यात खिळेपट्ट्यांची मोळी. मावशींच्या दहाही बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"जमीन अशी उघडी असली तर भाव पडेल हो," दलाल म्हणाला.

"फार बरं झालं. म्हणजे कुणी घेणार नाही. या तुम्ही."

दलालाने मुलाकडे पाहिलं, मुलाने जमिनीकडे. दलाल जिना उतरून गेला.

"आई, दगडासारखं आहे हे," मुलाचा आवाज खाली आला होता. "उद्या पडलीस तर?"

"पडायचे ते तुझे बाबा," मावशी म्हणाल्या. "मी उचलायचे."

मुलगा बराच वेळ खोलीत फिरला, न्हाणीघराच्या दारापाशी जरा थांबला. मग बाह्या वर सारल्या, खिळेपट्ट्यांची मोळी खांद्यावर घेतली आणि खाली ठेवून आला. जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. गोंद खरवडायला."

"पातं तुझं तू आण," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी शिंपीकाका आले. "तुमच्याकडे पाहुणे राहिलेत का कुणी? दोन-तीन दिवस पावलं ऐकू येतायत."

"कुणी नाही. मीच."

"असं? मला नवल वाटलं. कार्पेट घातल्यापासून तुमच्या घरातून कधी पावलांचा आवाज म्हणून आला नाही."

मावशी थबकल्या. "ते पडायचे, तेव्हाही नाही?"

"नाही हो. कधीच नाही."

मावशींनी मान हलवली. काकांचं पातं पुसून परत दिलं, दार लावलं आणि टाचा टेकवत, खोलीभर आवाज करत, त्या दिवा लावायला गेल्या.