मावशीची दलदल

फिनिश माणूस म्हणजे जंगल, असं विमानतळावरच्या फलकावर लिहिलंय. लिहिणाऱ्याच्या बुटाला कधी चिखल लागला नसणार. माझा जन्म स्वीडनचा. आईबाप तिथे कारखान्यात राबायचे आणि पोरं मला "ए फिन" म्हणून ढकलायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी इकडे काइनू प्रांतात, आईच्या गावी परतले, तर इथे मी 'स्वीडनवाली'. मग मी नक्की कोण? फलकाला विचारू?

इर्या मावशी ब्याऐंशीची. गुडघे गेलेले. हिल्लाची केशरी फळं ती कुठल्या दलदलीतून आणते, हे तिने नवऱ्यालाही कधी कळू दिलं नव्हतं. या जुलैत तिने ते मला सांगितलं. फक्त मला.

मी गेले, डासांनी फोडून काढलं, तरी अर्धी बादली भरून आणली.

मावशीने बादलीत पाहिलंसुद्धा नाही. "गाडी कुठे लावलीस?"

"रस्त्यावरच. वाटेच्या तोंडाशी."

"ती लालभडक गाडी? अगं, त्यापेक्षा चर्चमध्ये उभी राहून ओरडायचंस! मी दोन किलोमीटर मागे सायकल टाकून उलट्या दिशेने चालत जायचे."

दुपारी दुकानात शेजारचा ताउनो दात काढत म्हणाला, "काय स्वीडनवाली, सकाळी कुठे दौरा?"

संपलं. रानातली फळं तोडायचा हक्क इथे सगळ्यांनाच, जमीन कोणाचीही असो. जागा कळली की झालं. मावशी एवढंच म्हणाली, "चूक माझीच. तुला इथली समजले."

थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी भलत्याच दलदलीपाशी नेली. तिथे शेवाळाशिवाय काही उगवत नाही. गाडी झाडाआड घातली, वर फांद्या टाकल्या, मागचा लाल कोपरा तेवढा उघडा ठेवला. थर्मास घेऊन खोडावर बसले. तीन दिवस हेच. लांब कुठेतरी क्रौंच ओरडायचे, बुटाखाली ओलं शेवाळ दबायचं, आणि तू कुठली हे कोणी विचारत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तर घरी जावंसंच वाटेना.

शनिवारी ताउनो मावशीच्या दारात उभा. कमरेपर्यंत चिखल, एक डोळा डासाने सुजलेला, बादली रिकामी.

"लपवलेली गाडी बघून गेलो ना मी! सहा तास! एक फळ नाही!"

"मग रस्त्यावरच्या जागी जायचं होतंस," मी म्हणाले.

"मला काय खुळा समजतेस? खऱ्या जागेपाशी कोण उघड्यावर गाडी लावतं?" तो मावशीकडे वळला. "इर्या, ही तुझ्यासारखीच निघाली. हलकट!"

मावशी हसता हसता खोकायला लागली. मग तिने कॉफीचे तीन कप काढले, आणि जुन्या सायकलची किल्ली माझ्या कपाशेजारी ठेवली.

जागा? तुम्हालाही नाही सांगणार.