किन्हीराजाहून मस्कतचं रेकॉर्डिंग

सासू परदेशी गेली की सुनेनं चार दिवस उशिरा उठावं, ही जगाची रीत. किन्हीराजाच्या नीलिमाचं मात्र उलटंच झालं. भागीरथाबाई थोरल्या लेकाकडे, नरेंद्रकडे, तीन महिन्यांसाठी मस्कतला गेल्या आणि हिला घरात करमेना. बारा वर्षं सासूच्या गुडघ्याला तेल हिनं चोळलं, डोळ्यांत थेंब हिनं घातले. आता ते सगळं थोरली जाऊ मंजुषा करणार. मंजुषा तिथं दवाखान्यात नर्स होती. म्हणजे थेंब घालण्यातसुद्धा तीच जास्त शिकलेली!

बाईंबरोबर घरचा रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्सही गेला होता, लुगड्यात गुंडाळून. साडेसातच्या मालिकेशिवाय बाईंना घास जात नसे, पण साडेसातला त्यांची बुद्धवंदना असायची. म्हणून मालिका रेकॉर्ड करायची आणि जेवताना पाहायची, असा घरचा शिरस्ता. मस्कतला डिशची मोठी छत्री बसवली की आपला उपग्रह तिथंही लागतो, हे नरेंद्रनं शोधून काढलं होतं. तिथं ती मालिका सहालाच लागे आणि त्या वेळी बाई नातवाला घेऊन बागेत असत, म्हणून रेकॉर्डिंग तिथंही हवंच. ते लावायचं काम नीलिमाच्या मोबाइलवर होतं. रोज दुपारी भांडी आवरली की ती किन्हीराजातून मालिका लावायची आणि समुद्रापलीकडचा बॉक्स मुकाट ऐकायचा. तेवढी तरी सासू आपल्या हातात आहे, असं तिला वाटे.

एका संध्याकाळी बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मागं मंजुषा त्यांची वेणी घालत होती.

"मंजूच्या हातची मेथीची भाजी लय गोड लागते वं," बाई म्हणाल्या. "आन् भाकर अशी पातळ थापते, का बस!"

नीलिमानं बारा वर्षं भाकरी थापल्या होत्या. बाईंनी एकदाही बरी म्हटली नव्हती. त्यात रात्रीच्या जेवणाला नवरा, उत्कर्ष, सहज बोलून गेला, "दादा म्हणून राह्यला, आईचं तिकीट पुढं ढकलतो. तिले तिथं करमते."

"करमते?" नीलिमा म्हणाली. "पाह्यतेच आता, कसं करमते तर."

दुसऱ्या दुपारी तिनं मालिकेच्या जागी त्याच वेळचा दुसऱ्या चॅनेलवरचा बाजारभावाचा कार्यक्रम लावला. मस्कतला बाई ताट घेऊन बसल्या, तर पडद्यावर तुरीचे भाव. तिसऱ्या दिवशी सोयाबीन, चौथ्या दिवशी पुन्हा तूर.

"काहून असं होऊन राह्यलं वं?" बाईंनी विचारलं.

"इतक्या लांबून गडबड होते, आई," नीलिमा गोड आवाजात म्हणाली. "इथं असत्या तं मी रोजच्या रोज लावून देल्ली असती."

आता बाई कंटाळतील, परतीचं तिकीट मागतील, असा तिचा पक्का हिशेब होता. पण आठवडा उलटला तरी बाई काही बोलेनात. उलट एका सकाळी मंजुषाचाच फोन आला.

"नीलिमा, ते मालिका बंद पडली ते बरंच झालं बाप्पा," ती म्हणाली. "आई रोज जेवल्यावर माह्याजवळ बसतात, जुन्या गोष्टी सांगतात. काल त्या आपल्या नणंदेचं सांगून राह्यल्या होत्या. यांच्या आधी झाली होती थे पोरगी. दीड वर्साची असताना ताप आला, वाशीमले नेता नेता वाटेतच गेली. आई लय रडल्या. तुले तं सांगतलंच असंन नं त्याईनं?"

नीलिमाच्या हातातली परात तशीच राहिली. बारा वर्षं ती या बाईंच्या शेजारी बसून जेवली होती, आणि नरेंद्रच्या आधी या घरात एक पोरगी होऊन गेली हे तिला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं कधी. जेवताना मालिका असायची.

"हो," ती म्हणाली. "सांगतलं होतं नं मले. कवाच."

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं ते त्या पोरीसाठी, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर ती रडली ती मंजुषावर जळून. भाकरी घेतली, वेणी घेतली, आणि आता बाईंच्या मनातलंही तीच घेऊन बसली! या दोघींचं बोलणं बंद झालंच पाहिजे. त्याच दुपारी नीलिमानं साडेसातची मालिका लावली. तिच्या आधीची लावली, नंतरची लावली, सकाळी पुन्हा दाखवतात ते मागचे भागही लावून टाकले. बसा म्हणावं आता पाहत!

पण तीन दिवस तिला ती पोरगीच दिसत राहिली. नाव काय असेल तिचं? मंजुषाला विचारायची सोय नव्हती. सारं माहीत आहे, असं ती आपल्याच तोंडानं बोलून बसली होती. शेवटी चौथ्या दिवशी, बाईंची जेवायची वेळ साधून, तिनं मस्कतला व्हिडिओ कॉल लावला.

"आई," ती म्हणाली. "नरेंद्रभाऊंच्या आधी तुमाले पोरगी झाली होती नं? काय नाव होतं तिचं? मले सांगा नं तिचं काई."

बाईंची नजर मोबाइलवर नव्हती. ती पलीकडे, समोरच्या पडद्यावर होती.

"थांब नं वं जराशी," त्या म्हणाल्या. "आत्ताच सुरू झाली. चांगले आठ-धा भाग आले पाहाले."

त्यांनी मोबाइल बाजूला आडवा ठेवला. नीलिमाला मस्कतच्या घराचं छत दिसत राहिलं आणि मालिकेतल्या सासूचं मोठमोठ्यानं बोलणं ऐकू येत राहिलं. भाग संपेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही. मग दुसरा भाग सुरू झाला.