चौकशीच्या खिडकीची फळी

मी एक जुनी खिडकी आहे. अमरावतीच्या एका दवाखान्यात, फाटकाजवळच्या चौकशीच्या खोलीला मला बसवले होते. मित्रांनो, खिडकी म्हटली की तुम्हाला वारा आठवेल, उजेड आठवेल. माझ्यातून मात्र प्रश्न आत जायचे आणि उत्तरे बाहेर यायची.

माझे लाकूड मेळघाटातल्या सागाचे. परतवाड्याच्या वखारीतून ते बैलगाडीने आले. सुताराने मला दोन झडपा दिल्या, उभे लोखंडी गज दिले आणि खाली कोपर टेकायला एक रुंद फळी दिली. त्या फळीचा मला फार अभिमान होता. वरूड, दर्यापूर, मूर्तिजापूर, कुठकुठल्या माणसांची कोपरे तिच्यावर टेकली! कोणी तिच्यावर पागोटे काढून ठेवी, कोणी भाकरीचे गाठोडे. घासून घासून ती इतकी गुळगुळीत झाली की लोक तिच्यावर हात फिरवतच बोलायचे.

आमच्या वऱ्हाडात आजारी माणसाला पाहायला जाणे म्हणजे मोठे कर्तव्य. आजारी एक आणि पाहायला गाडीभर माणसे! आणि कोणी आले नाही, तर माणूस बरा होऊन घरी गेला तरी ती गोष्ट विसरत नसे. त्यामुळे माझ्यासमोर सदा गर्दी. त्या गर्दीचा मला कधीच कंटाळा आला नाही. आजही दुपारी डोळा लागला की तीच गलबल कानात येते.

आत मोरोपंत बसत. मूळचे अकोल्याच्या जुन्या शहरातले. दाढेत लवंग, अंगात बंद गळ्याचा कोट आणि जिभेवर साखर. कोणाला 'नाही' म्हणणे त्यांच्या अगदी जिवावर येई. लांबून आलेल्या माणसाला ते आधी पाणी देत, मग खाट कुठे आहे ते हातवारे करून समजावत. पण एक गोष्ट ते अभिमानाने सांगत, "रोगाचं नाव मी कधी काढत नाही. ते डॉक्टरांचं काम. मी आपला वॉर्ड सांगतो."

विहिरीच्या पलीकडे, कडुनिंबाखाली, पत्र्याचा एक वॉर्ड होता. तिथे छातीचे रोगी ठेवत. क्षयावर तेव्हा हमखास औषध नव्हते. त्याचे नाव काढले तरी बाया पदर नाकाला लावत. त्या वॉर्डावर पाटी नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. स्टेशनवरचा टांगेवालासुद्धा त्याच्याकडे बोट दाखवून सांगू शकत असे.

एकदा दर्यापूरकडची मैनाबाई आपल्या लेकीला, जमुनाला, घेऊन आली. पोरगी तापाने फणफणली होती, खोकत होती. नुकताच तिचा साखरपुडा झाला होता. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पत्र्याच्या वॉर्डात ठेवून घेतले.

मग तिचे होणारे सासरे आले. खुशालराव, मूर्तिजापूरकडचे शेतकरी. माणूस वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगते. सोयरिकीचा मान म्हणून एवढ्या लांब आला होता, हातात संत्र्यांची टोपली घेऊन. टोपली माझ्या फळीवर टेकवून त्यांनी विचारले, "आमची होनारी सून इथं हाय म्हनतात. जमुना नाव. कोठी हाय जी?"

"आहे ना! या, या, उन्हातून आलात," मोरोपंत प्रेमाने म्हणाले. "असे सरळ जा. विहीर ओलांडा. कडुनिंबाखाली पत्र्याचा वॉर्ड आहे."

खुशालरावांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हातांनी माझे गज घट्ट धरले आणि मग ते आल्या पावली फाटकाबाहेर पडले. टोपली माझ्या फळीवरच राहिली. संध्याकाळी मैनाबाईच्या नजरेस ती पडली तेव्हा संत्री उन्हाने मऊ झाली होती.

आठ दिवसांत सोयरीक मोडल्याचा निरोप आला. मैनाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मोरोपंत गडबडले. "बाई, मी रोगाचं नाव काढलं नाही हो!"

"वार्डाचं काढलं नं भाऊ," ती म्हणाली. "आता माह्या पोरीले कोन करन?"

त्या दिवशी मोरोपंतांनी माझ्या झडपा वेळेआधीच लावून घेतल्या, आणि आत बसून ते रडले. मलाही फार वाईट वाटले.

पुढे कळले की जमुनाला क्षय नव्हताच, नुसता फुप्फुसाचा ताप होता. काही दिवसांनी ती चांगली बरी झाली. पण मित्रांनो, क्षय असता तरी तो तिचाच होता ना? कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, हे तिनेच ठरवायचे होते.

त्यानंतर मोरोपंतांनी डॉक्टरीणबाईंकडे हट्टच धरला. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला आधी बाजूला घेऊन विचारायचे: तुम्हाला पाहायला कोणी आले तर काय सांगायचे? बहुतेक जण म्हणत, "सांगा, सांगा, साऱ्याइले सांगा!" एक म्हातारा म्हणाला, "जावयाले सांगा, पन भावाले पत्ता लागू देऊ नका." जसे ज्याने सांगितले, तसेच मोरोपंत करत. लोक चिडत. चौकशीच्या खिडकीत चौकशीला उत्तर मिळत नसेल तर ही खिडकी काय पूजेला ठेवली आहे का, असेही मी ऐकले. ज्या मोरोपंतांना 'नाही' म्हणवत नव्हते, ते ऐकून घेत आणि पाणी पुढे करत.

जमुनाचे लग्न मात्र जमले नाही. गावात लोक तिच्या घरचे पाणी पिईनात. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यातच कामाला ठेवून घेतले. चौथीपर्यंत शिकलेली होती, बोलायला धीट होती. मोरोपंतांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी स्वतःचे स्टूल तिला दिले. माझ्या गजांमागे जमुना बसू लागली. तिच्या बांगड्या माझ्या फळीवर वाजत, ते मला फार आवडायचे.

बरीच वर्षे लोटली. एक दिवस एक म्हातारा खोकत खोकत आला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण माझे गज धरण्याची तऱ्हा तीच. मी ओळखले. नाव सांगताच जमुनानेही ओळखले. मग तिने नेहमीसारखे विचारले, "तुमाले पाहाले कोनी आलं तं काय सांगू?"

"कोनालेच काही सांगू नको, बाई," खुशालराव हात जोडून म्हणाले. "माह्या धाकट्या पोरीची सोयरीक जुळून राहिली."

त्यांना पत्र्याच्या वॉर्डात नेले.

आणि व्हायचे तेच झाले. पोरीचे होणारे सासरे आले. त्यांच्याही हातात संत्र्यांची टोपली! "खुशालराव कोन्या वार्डात हायत?"

मित्रांनो, माझा जीव झडपांत गोळा झाला. जमुनाच्या ओठांवर चारच शब्द यायचे होते: विहीर, कडुनिंब, पत्र्याचा वॉर्ड. तिचे सगळे आयुष्य त्या शब्दांनी मोडले होते.

"मले नाही सांगता येत, भाऊ," ती म्हणाली. "टोपली ठेवा, मी पोचती करतो."

"अवो, आमी व्याही होनार त्याइचे! काहून नाही सांगत?"

"सांगाचं असन तं ते सोता सांगतीन. तुमी सावलीत बसा, पानी देतो."

पाहुणे रागावले, कुरकुरले आणि टोपली ठेवून निघून गेले. जमुना टोपली उचलून स्वतः विहिरीपलीकडे गेली. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

खुशालराव घरी जायला निघाले त्या दिवशी ते माझ्यापाशी थांबले. त्यांनी वाकून आत पाहिले. मग हळूच म्हणाले, "तू मैनाबाईची जमुना नं?"

जमुना हसली. "इथं कोन कोनाचं, ते आमी कोनाले सांगत नाही, मामा."

खुशालरावांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. टोपलीतली दोन संत्री त्यांनी माझ्या फळीवर ठेवली आणि ते निघाले. पुढे त्यांच्या मुलीचे लग्न झाले की नाही, ते मला ठाऊक नाही.

आता दवाखान्याला नवी इमारत झाली आहे. चौकशी तिकडे गेली. माझ्या खोलीत जुन्या गाद्या ठेवतात आणि महिनोन्महिने माझी कडी कोणी काढत नाही. फळीवर धूळ बसते, पण ती अजून गुळगुळीत आहे. मुलांनो, कोणी आजारी असेल तर त्याला जरूर पाहायला जा. संत्री न्या, त्याच्याजवळ बसा. पण जे त्याने सांगितले नाही ते खोदून विचारू नका, आणि जे विश्वासाने सांगितले ते दुसऱ्याच्या फळीवर ठेवून येऊ नका.

आणि हो, या गोष्टीतली नावे खरी नाहीत. खरी नावे मला ठाऊक आहेत. पण ती मी कोणाला सांगत नाही.