हललेली धनू

नंदुरबारच्या स्टेशनाकडून बाजारात यायला लागलं की डाव्या हाताला पितांबरचा फोटोचा स्टुडिओ होता, आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, रूपचंदचा. एवढ्याशा गावात दोन फोटोवाले समोरासमोर म्हटल्यावर त्यांनी एकमेकांचं तोंडही बघू नये, अशीच कुणाचीही समजूत व्हायची. पण छे! गिऱ्हाईक नसलं की दोघं शेजारच्या हॉटेलात बसायचे आणि कॅमेऱ्यांवरून असे जुंपायचे, की हॉटेलवाल्याचे कान किटून जायचे. दोघांपैकी एकानंही ते कॅमेरे डोळ्यांनी बघितलेले नव्हते. बघितली होती ती मुंबईहून आलेल्या कॅटलॉगातली चित्रं.

ही छत्तीस-सदतीस सालातली गोष्ट. जर्मनीत तेव्हा लायका आणि झाईस या दोन कॅमेरेवाल्या कंपन्यांची चढाओढ होती, दर वर्षी काहीतरी नवीन निघत होतं.

"लायकानं सेकंदना हजारावा भाग काढा," पितांबर सांगायचा. "पाखरू उडी ऱ्हायनं ना, त्यान्हा पंख बी जागावर उभा करी देस."

"अन झाईसवाला काय गप बठतीन?"

"तेच तं सांगस! ते त्यान्हा बी पुढे जातीन. पुढला साल दखजो तू."

"पुढला साल, पुढला साल," रूपचंद हात झटकायचा. "आज तुन्हा घरमा काय शे, ते सांग ना भो."

पितांबरच्या घरात होता सागवानी लाकडाचा, पितळी कड्यांचा, तिपाईवर चढवायचा जुना कॅमेरा. काम झकास करायचा, त्यात वाद नाही. पण त्याला बंदुकीच्या घोड्यासारखी कळ वगैरे काही नव्हती. आधी काळ्या कापडात डोकं घालून चित्र जुळवायचं, मग काचेची प्लेट आत सारायची, मग पुढे येऊन भिंगावरचं झाकण हाताने काढायचं, मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि झाकण परत लावायचं. तेवढा वेळ समोरच्याने श्वाससुद्धा जपून घ्यायचा. जो हलला त्याचा फोटो गेला. रूपचंदकडे होता साधा पेटीचा कॅमेरा. खटका दाबला की झालं. फोटो लहान यायचा, जरा मऊ यायचा, पण यायचा. पितांबर त्याला 'डबडं' म्हणायचा. तोंडावर म्हणायचा आणि वर हसायचा.

आता मुळात पितांबरला एवढा जलद कॅमेरा हवा होता कशाला? लग्नातली माणसं, म्हातारेकोतारे, सावकार, मास्तर, सगळे खांबासारखे बसत होते. कारण एकच होतं, आणि त्याचं नाव धनू.

धनू त्याची मुलगी. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, नवससायास करून झाल्यावर, आशा सोडल्यावर आलेली. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली होती पोर. चालायला लागली ती धावतच. बापाने गावातल्या तमाम पोरांचे फोटो काढले होते, स्वतःच्या पोरीचा एक नव्हता. म्हणजे काढत होता, पण एकही धड येत नव्हता. खुर्चीवर बसवायचं, हातात गुळाचा खडा द्यायचा, कापडात डोकं घालून सगळं जुळवायचं. तोवर धनू बसायची, अगदी शहाण्यासारखी. पण झाकण काढायला पितांबर कॅमेऱ्याच्या पुढे आला रे आला, की बाप सापडल्याच्या आनंदात ती खुर्चीवरून उतरून त्याच्याकडे सुटायची, आणि झाकण तोवर निघालेलं असायचं. प्लेट औषधात धुतली की तिच्यावर खुर्ची असायची लख्ख, मागच्या पडद्यावरचा धबधबा लख्ख, आणि मधे धुराचा एक लोट.

एकदा त्याने मान धरून ठेवायचा लोखंडी चिमटा खुर्चीमागे आणून लावला. मंगलाबाई, म्हणजे त्याची बायको, दारातून बघत होती. ती तरातरा आत आली.

"पोर शे ती, बैल नही," ती म्हणाली, आणि धनूला उचलून घेऊन गेली.

"अवं, एक फोटू तं नीट येऊ दे!"

"नीटना काय करनं शे? पोर घरमा शे ना मन्ही."

पितांबर मनातून हट्टाला पेटला. काढीन तर धनूचा असा काढीन, की केस न केस मोजता येईल. हललेल्या प्लेटा तो कागदावर छापतसुद्धा नसे. वाईट काम दुकानात ठेवायचं नाही, हा त्याचा बाणा. पैसा त्याने गाठीला बांधलेला होता. ठरत नव्हतं ते मन.

अशात बातमी आली की तळोद्याचा जंगलखात्याचा गोरा साहेब पेन्शनीत विलायतेला चालला आहे आणि सामान विकतो आहे. त्यात एक घडीचा जर्मन कॅमेरा आहे. पितांबर आणि रूपचंद मोटारीत बसून तळोद्याला गेले. जुना कॅमेरा बघायला पितांबरसारखा माणूस नाही. त्याने भिंग उन्हाला धरून बघितलं, कॅमेऱ्याच्या चामडी भात्यात बारीक दिवा सोडून, कुठून उजेड गळतो का ते वरून कापड पांघरून बघितलं, कळ कानाशी नेऊन पुन्हा पुन्हा दाबली. वाघाची वाट बघावी तशी एकेका आवाजाची वाट बघत बसला. साहेबाचा बटलर जांभया द्यायला लागला.

"कळ चिकटस," शेवटी पितांबर म्हणाला. "सेकंदवर लावा तं दीड सेकंद लेस."

"अन शंभराव्या भागवर?"

"शंभरवर बराबर शे."

"मंग काय पायजे रे बाबा तुले?" रूपचंदने कपाळावर हात मारला. "धनूले शंभरच लागस. सेकंदले तुन्हाजवळ झाकण शे!"

बोलणं सरळ होतं. दुसरा कुणीही तिथल्या तिथे उचलून घेऊन आला असता. पण पितांबरला भात्याच्या कोपऱ्यात एक टाचणीएवढं भोक दिसलं होतं, आणि तो म्हणाला, दुसऱ्याचं दुखणं मी विकत काबर लिसू? शिवाय मुंबईच्या दुकानदाराने सांगितलं होतं की दिवाळीला नवीन येतोय, याच्याहून लहान, याच्याहून जलद. तो कॅमेरा व्यारा गावच्या कुणीतरी उचलला. येताना मोटारीत रूपचंद पुढच्या बाकावर जाऊन बसला.

दिवाळी आली. नवीन कॅमेरा आला तो कॅटलॉगात. पण तेवढ्यात झाईसवाले त्याच्यावर मात करणारा काढणार असं कानावर आलं, आणि पितांबर म्हणाला, आता घाई करण्यात अर्थ नाही. रूपचंदने एकदा स्वतःहून विषय काढला.

"पितांबर, धनूले आन ना मन्हाकडे. डबडामा काढी देस. दोन घटकानं काम."

"तुन्हा डबडामा?" पितांबर हसला. "मन्ही पोरना पहिला फोटू, अन तो धुकामा?"

रूपचंद चहाचा पेला ठेवून उठला. त्याला लागलं असणार. आणि पितांबरला ते कळलंसुद्धा नाही, इतका तो त्या येणाऱ्या कॅमेऱ्यात बुडालेला होता. देवाने माणसाला डोळे दिले, पण कुठे बघायचं हे काही सांगितलं नाही.

भादव्यात धनूला ताप आला. त्या दिवसांत घरोघरी हिवताप असायचाच, कुणी मनावर घेतलं नाही. थंडी वाजायची, उतरायची, पोर परत अंगणात. मग एकदा ताप चढला तो उतरलाच नाही, डोक्यात गेला. डॉक्टरने कोयनेल दिलं, सुई दिली. मंगलाबाईने ओल्या फडक्याच्या घड्या बदलून बदलून हाताची सालं काढली. पितांबर उशाशी बसून होता. धनू हातपाय झाडत होती, आणि तो वेडा बाप मनात म्हणत होता, झाड बाई, हवे तेवढे झाड, फक्त थांबू नको. सकाळी, दूधवाला दारात हाक मारत असताना, ती थांबली.

मंगलाबाई रडली नाही. तिने पोरीला न्हाऊ घातलं, जरीचं परकर-पोलकं घातलं, डोळ्यांत काजळ घातलं. मग तिला उचलून सरळ स्टुडिओत घेऊन आली आणि खुर्चीवर मागे टेकवून बसवली.

"काढी ल्या फोटू," ती नवऱ्याला म्हणाली. "आते ती हालत नही."

रूपचंद समोरून धावत आला होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पितांबरने कापडात डोकं घातलं. चित्र जुळवायला या खेपेला काहीच घाई नव्हती. त्याने प्लेट सारली, पुढे आला, झाकणाला हात लावला, आणि सवयीने तसाच थबकला. त्याचे गुडघे जरा वाकले होते, एक हात मोकळा झाला होता. ती आता येणार आणि तिला एका हाताने झेलायचं, असं ते त्याचं अंग आपलं आपण करत होतं. कुणी आलं नाही. तेव्हा तो हंबरडा फोडून रडला, बाजारापर्यंत ऐकू जाईल असा. झाकण रूपचंदने काढलं. एक, दोन त्यानेच म्हटलं.

पोरीला मातीआड करून आले. चार दिवस स्टुडिओ बंद होता. मग पितांबरने अंधाऱ्या खोलीत जाऊन ती प्लेट धुतली आणि फोटो छापला. आयुष्यात त्याच्या हातून असा फोटो आला नव्हता. पापणीचा केस न केस, पोलक्याचा टाका न टाका, कपाळावर आईने लावलेल्या तिटेची कड. जे हवं होतं ते सगळं आलं होतं. तो फोटो घेऊन तो चुलीपाशी गेला आणि मंगलाबाईपुढे धरला.

तिने पदराला हात पुसले, घेतला, उजेडाकडे नेला. पुष्कळ वेळ बघितला.

"हाई मन्ही पोर नही," ती म्हणाली.

"अवं..."

"मन्ही पोर अशी बठेच नही. कव्हय बठनी ती अशी?" तिने फोटो त्याच्या हातात परत दिला. "माले त्या आधीना फोटू द्या. हालेल शे त्यामाना."

"त्यामा काही दिसत नही. धूर शे नुसता."

"धूर का ऱ्हायेना. तुमनाकडे पळत येई ऱ्हायनी ना ती त्यामा? तीच मन्ही पोर शे. एक द्या माले. एकच द्या."

पितांबर उभा होता तिथे खाली बसला. कसं सांगावं? वाया गेलेली प्लेट कुठलाच फोटोवाला ठेवत नाही. गरम पाण्यात सोडा टाकायचा, प्लेट बुडवायची, की वरचं चित्र दुधावरची साय निघावी तसं निघून येतं. खाली राहते ती कोरी, चांगली विलायती काच. ती फोटोच्या मापाचीच असते, मग गिऱ्हाइकाच्या फ्रेमला तीच लावायची. असं सगळेच करतात, यात लपवण्यासारखं काही नाही.

"नही शे," तो म्हणाला.

"एक बी?"

"एक बी नही. बठ्ठ्या धोई टाक्यात. काचा फ्रेममा लाई दिध्यात."

मंगलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. ती चिडली असती, ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "कोन्या फ्रेममा?" आणि ते काही पितांबरला सांगता आलं नाही. कुठली काच कुठल्या फ्रेमला गेली, ते कोण ध्यानात ठेवतो?

त्या दिवसापासून ती स्टुडिओत परत आली नाही. रूपचंदने हॉटेलात कॅमेऱ्याचं नाव काढणं सोडलं. मुंबईहून कॅटलॉग आला तो पितांबरने न उघडता त्याच्याकडे पाठवून दिला, आणि त्यानेही तो उघडला नाही.

उन्हाळ्यात पितांबरला तापीकाठच्या प्रकाशा गावी जावं लागलं. तिथल्या पार्वतीबाईच्या घरी मुलाचं लग्न होतं. खाऊनपिऊन सुखी, केळी-कापसाचं घर. दिवाणखान्यात मांडवाची गडबड चालली होती आणि भिंतीवर पार्वतीबाईच्या वारलेल्या सासऱ्याचा फोटो होता, धनू असताना पितांबरनेच काढलेला, त्यानेच फ्रेम केलेला. पागोटं, मिशा, हातात काठी. पितांबर तिपाई मांडायची सोडून त्या फोटोपुढे जाऊन उभा राहिला. मग खुंटीवरून फ्रेम काढून दारातल्या उजेडात नेली, वाकडी केली, सरळ केली, काचेच्या अगदी जवळ डोळा नेला.

"काय व्हयनं, भाऊ?" पार्वतीबाई घाबरून विचारायला आली. "फोटू खराब व्हयना का मामान्जीना?"

"नही, माय. फोटू बराबर शे."

"मंग काय दखी ऱ्हायनात एवढं?"

पितांबरने काचेवरून अंगठा फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, हलक्या हाताने. कुठे डाग नव्हता, ओरखडा नव्हता, धुराएवढीसुद्धा खूण नव्हती. काच त्याने फार चांगली धुतली होती.